शिसपेन्सिल

शिसपेन्सिलीत शिसं नसतं,
हे मला सदुसष्टाव्या वर्षी नातीनं सांगितलं.
ती उंबऱ्यावर बसून पेन्सिलीचं टोक चावत होती,
मी ओरडलो, "काढ आधी तोंडातून!"
तर म्हणाली, "आजोबा, ग्रॅफाइट असतं ते. नाव उगीच."

शिसं होतं ते आमच्या मागच्या खोलीत,
भुसावळात, यार्डाच्या भोंग्याखाली.
सोल्डरच्या रिळात, बाकावर सांडून थिजलेल्या थेंबांत,
माझ्या नखांच्या कडेला.
तार दातात धरायची सवय सिग्नल खात्यातली:
एका हातात तापलेली सळई,
दुसऱ्यात रेडिओचं उघडं पोट,
तिसरा हात म्हणजे दात.

रिटायर झालो तशी माणसं माळ्यावरचे रेडिओ घेऊन आली.
सावद्याहून दोन, फैजपूरहून एक,
यावलच्या नेहेते मास्तरांचा लाकडी,
आत उंदरानं संसार मांडलेला.
पैसे घेत नव्हतो. आवाज आला की चहा.
त्याच बाकावर, त्याच बोटांनी,
वर शेव-मुरमुऱ्याची मूठ.

मे महिन्यात खिडकी उघडणं म्हणजे
शेगडी घरात घेणं. कूलर लावायचो, दार लोटायचो,
धूर छताशी कोंडायचा.
वाटायचं, घातक असेल तर हा धूरच.
तो राळेचा. छातीला तोही बरा नाही,
पण शिसं त्याच्यासोबत फारसं येत नाही.
ते बोटाला धरून येतं,
घासाबरोबर, न बोलावता, चव न देता.

मग सुकलाल भोई आला. तापीत जाळं टाकतो.
"भाऊ, जाळ्याला गोळ्या ओतून द्या."
भंगारातल्या केबलीचं शिसं त्यानंच आणलं.
कुमुद हळदीला गेलेली,
मी चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं.
दुधावर साय धरते तसं त्यावर काहीतरी धरलं,
खालून चकाकलं.
नात तेव्हा चार वर्षांची. ओट्याला लोंबकळून म्हणाली, "चांदी!"
गार झालेली एक गोळी
मी तिच्या हातावर ठेवली.
मीच ठेवली.
तिनं ती गालात धरली, पेपरमिंटसारखी,
आणि संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नाही.

कुमुदनं पातेल्याला खिळ्यानं भोक पाडलं,
पुन्हा कुणी चहा टाकू नये म्हणून.
"पातेलं तं गेलं," म्हणाली, "पोरीचं काय?"

जळगावला रक्त दिलं, दोघांनी.
कागदावर तिचा आकडा बारा,
पुढे मायक्रो असं काहीतरी.
मायक्रो म्हणजे किती, मला कुणी शिकवायला नको.
कपॅसिटरवर तेच लिहिलेलं असतं.
एवढंसं असून अख्खा रेडिओ बंद पडतो.
माझा आकडा मी घडी घालून खिशात ठेवला.

आता बाक मागच्या पत्र्याखाली आहे.
ऊन चढायच्या आत, अकरापर्यंत काय ते.
पोरांना तिथे मज्जाव. खाणं-पिणं नाही, चहासुद्धा नाही.
झाडू मारत नाही, धूळ उडते. ओलं फडकं फिरवतो,
ते फडकंही वेगळं.
कामाचा सदरा खिळ्यावर असतो, घरात येत नाही,
धुतला तरी एकटा धुतला जातो,
वाळीत टाकल्यासारखा.
बिनशिशाची तार आणली. हट्टी आहे,
जास्त तापवावी लागते, सांधा चमकत नाही,
जुन्या डोळ्याला तो कच्चाच वाटतो.
पण मास्तरांच्या रेडिओतले जुने सांधे शिशाचेच,
त्यांना हात लावला की साबण.
जेवायच्या आधी तर साबणच.

सुकलालच्या जाळ्याला आता लोखंडी नट आहेत.
जाळं जरा उशिरा बुडतं म्हणतो.
मासे थांबतात का रे, विचारलं तर नुसता हसतो.

पोरीचा आकडा उतरला. यंदा चार.
डॉक्टरांनी मान हलवली, पेन्सिल सोडून
काहीही चावू नको म्हणाले, ती हसली.
गेलेल्या वर्षाचं कुणी काही बोललं नाही.

आज सकाळी पत्र्याखाली बसलो,
सळई तापली, रेडिओ उघडला,
तार उजव्या हातात घेतली.
आणि माझे ओठ
आपोआप उघडले.